खेळाडूला एकटे सोडू नका : सामनेनिश्चितीचे संकट आणि आपली जबाबदारी

संत पौलाने आपल्या पत्रांमध्ये क्रीडांगणाचे दाखले वारंवार दिले आहेत. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत. त्यामुळे धावपटू, मुष्टियोद्धे आणि विजेत्याच्या मस्तकावरील पर्णमुकुट या गोष्टी करिंथकरांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. त्यांना पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल खेळाडूच्या आत्मसंयमनाचा आदर्श श्रद्धावंतांपुढे ठेवतो. तीमथ्याला पाठविलेल्या दुसऱ्या पत्रात तो त्याला आणखी एक गोष्ट जोडतो. नियम पाळून खेळणाऱ्यालाच मुकुटावर हक्क सांगता येतो, असे त्याचे म्हणणे आहे.

नियम मोडून मुकुट मिळवणारे लोक पौलाच्याही आधीपासून होते. इसवी सनापूर्वी ३८८ मध्ये ऑलिंपियाच्या स्पर्धेत थेसली प्रांतातील युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने आपल्या प्रतिस्पर्ध्यांना लाच देऊन विजय मिळविल्याचे उघडकीस आले. लाच देणारा आणि घेणारे अशा सर्वांना दंड झाला. त्या दंडाच्या रकमेतून झ्यूस देवाचे कांस्यपुतळे घडवून ते मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर उभारण्यात आले. आत शिरणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या नजरेस ते पडावेत हा त्यामागचा हेतू होता. पुतळे आज राहिले नाहीत, मात्र त्यांचे चौथरे ऑलिंपियाच्या अवशेषांत पाहावयास मिळतात.

म्हणजे सामना विकण्याचा रोग आजकालचा नाही. तथापि त्यावर बोलताना आपण बहुधा खेळाडूच्या लोभावर बोट ठेवतो आणि विषय संपवतो. आम्हांला या लेखात थोडा वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. लोभी माणूस मोहाला बळी पडतो हे समजण्यासारखे आहे. परंतु चांगला, श्रद्धाळू, संस्कारी खेळाडू कसा पडतो? आणि त्याला पडण्यापासून कोण वाचवू शकते?

सामनेनिश्चिती म्हणजे काय?

पैशाच्या किंवा अन्य लाभाच्या बदल्यात सामन्याचा निकाल अगोदरच ठरविणे म्हणजे सामनेनिश्चिती. वृत्तपत्रांत आपण तिला मॅच फिक्सिंग म्हणतो. सामन्याचा निकाल न बदलता त्यातील एखादी छोटी घटना, जसे की अमुक षटकातील अमुक चेंडू नोबॉल टाकणे, आधी ठरविली तर त्याला स्पॉट फिक्सिंग म्हणतात. तिसरा प्रकार सर्वांत निरुपद्रवी भासतो. त्यात केवळ माहिती विकली जाते : उद्या संघात कोण असेल, खेळपट्टी कशी आहे, कर्णधाराच्या मनात काय आहे. पुष्कळ खेळाडूंचा प्रवास या तिसऱ्या पायरीपासून सुरू झालेला दिसतो.

या सर्वांच्या मुळाशी सट्टा आहे. सामन्यात पुढे काय घडणार हे कोणालाच ठाऊक नाही, या गृहीतकावर पैज लावली जाते. एकाला ते आधीच ठाऊक असेल, तर ती पैज उरत नाही. ती समोरच्या माणसाच्या खिशातून केलेली चोरी ठरते. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेचे विवेचन करताना (क्र. २४१३) याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आढळते. पैज किंवा नशिबाचे खेळ स्वभावतःच अन्यायकारक नसतात. परंतु त्यांपायी माणूस स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजांपुरत्या पैशालाही मुकत असेल, तर ते नीतीला धरून नाही. आणि खेळात फसवणूक करणे ही, नुकसान अगदीच क्षुल्लक नसेल तर, गंभीर बाब होय. येथे आठव्या आज्ञेचाही भंग होतो. प्राणपणाने खेळत असल्याचा देखावा करून मुद्दाम हरणे ही हजारो प्रेक्षकांसमोर दिलेली खोटी साक्षच आहे.

नागपूरचा सामना

या विषयात आम्हांला सर्वाधिक अंतर्मुख करणारे उदाहरण हॅन्सी क्रोनिए या दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचे आहे. त्याच्या कथेतील दोन महत्त्वाचे प्रसंग महाराष्ट्रात घडले.

क्रोनिए हा सश्रद्ध ख्रिस्ती म्हणून ओळखला जाई. आपल्या जागी येशूने काय केले असते, या प्रश्नाची इंग्रजी आद्याक्षरे असलेली पट्टी तो मनगटावर बांधत असे. वंशभेदाच्या काळ्या पर्वातून बाहेर पडलेल्या देशाचा तो लाडका नायक होता. २००० सालच्या प्रारंभी त्याचा संघ भारताच्या दौऱ्यावर आला. ७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी जाहीर केले की, खंडणीच्या एका प्रकरणाचा तपास करीत असताना क्रोनिए आणि संजीव चावला नावाचा इसम यांच्यातील दूरध्वनी-संभाषण त्यांच्या हाती आले आहे आणि त्यात सामन्यांचा सौदा चालला आहे. जगाचा विश्वास बसेना. क्रोनिएने आरोप साफ नाकारले. परंतु चारच दिवसांनी, ११ एप्रिलच्या पहाटे, त्याने आपल्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना दूरध्वनी केला आणि आपण पूर्णपणे प्रामाणिक नव्हतो, अशी कबुली दिली. त्याच दिवशी त्याचे कर्णधारपद गेले.

त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. जून २००० मध्ये केपटाऊन येथे साक्षी झाल्या आणि एकेक पदर उलगडत गेला. १९ मार्च २००० रोजी नागपूर येथे झालेल्या पाचव्या एकदिवसीय सामन्यापूर्वी क्रोनिए आपल्या संघातील दोघांकडे गेला होता. सलामीचा फलंदाज हर्शेल गिब्ज याने २० पेक्षा कमी धावा कराव्यात आणि गोलंदाज हेन्री विल्यम्स याने आपल्या षटकांत ५० हून अधिक धावा द्याव्यात. त्याबद्दल प्रत्येकी १५ हजार डॉलर मिळतील, असा प्रस्ताव त्याने ठेवला. दोघांनीही होकार दिला.

प्रत्यक्षात काय झाले ते विलक्षण आहे. गिब्ज मैदानात उतरला आणि त्याने ५३ चेंडूंत ७४ धावा फटकावल्या. विल्यम्सचा खांदा ११ चेंडू टाकल्यावर दुखावला आणि त्याला थांबावे लागले. दक्षिण आफ्रिकेने ३२० धावा केल्या आणि सामना १० धावांनी जिंकला. ठरविलेले काहीच घडले नाही, तरीही गिब्ज आणि विल्यम्स या दोघांवर सहा-सहा महिन्यांची बंदी आली आणि दंड झाला. होकार देण्यातच अपराध होता.

हे दोघेच का निवडले गेले असावेत? गिब्ज आणि विल्यम्स हे दोघेही दक्षिण आफ्रिकेच्या गौरेतर समाजातून वर आलेले होते. विल्यम्स तर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अगदी नवखा होता. समोर उभा होता तो साक्षात कर्णधार, ज्याच्या शब्दावर संघातील स्थान अवलंबून असते. एखाद्या अनोळखी सट्टेबाजाने असा प्रस्ताव आणला असता, तर त्यांनी तो कर्णधाराच्या कानावर घातला असता. कर्णधारच मोह घेऊन दारात आला, तेव्हा सांगायचे कोणाला? सुरुवातीला दोघेही खरे बोलले नाहीत. सत्य त्यांनी आयोगापुढे सांगितले.

प्रभू येशूने लहानांना अडखळण आणणाऱ्याविषयी जे कठोर उद्गार काढले आहेत, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. क्रोनिएने स्वतः पैसे घेतले हा त्याचा दोष होताच. परंतु आपल्या अधिकाराच्या छायेत असलेल्या दोघांना त्याने पापाच्या वाटेवर नेले, हा आमच्या मते त्याहून मोठा दोष होय.

११ ऑक्टोबर २००० रोजी त्याच्यावर आजीवन बंदी घालण्यात आली. १ जून २००२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज शहराजवळच्या डोंगरात विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. मोहाच्या क्षणी आपण सैतानाला वश झालो, अशा आशयाचे त्याने आपल्या निवेदनात म्हटले होते. त्याच्या पश्चात्तापाचे मोजमाप करण्याचा अधिकार आपणांस नाही. मात्र मनगटावरील पट्टी, मुखातील प्रार्थना आणि अंतःकरणातील श्रद्धा यांच्या जोडीला आणखी कशाची तरी गरज होती, हे त्याची कथा आपणांस सांगते.

मुंबईतील नकार आणि नागपुरातील होकार

ती गरज कशाची, हे समजून घेण्यासाठी १९९६ सालाकडे वळावे लागेल. त्या वर्षी हाच संघ, याच कर्णधाराच्या नेतृत्वाखाली भारतात आला होता. १४ डिसेंबरला मुंबईत दौऱ्यातील अखेरचा सामना व्हायचा होता. तो सामना हरण्यासाठी सुमारे अडीच लाख डॉलर देऊ करण्यात आले आणि क्रोनिएने हा प्रस्ताव संपूर्ण संघाच्या बैठकीत मांडला. अँड्र्यू हडसन, डेरेक क्रूक्स यांच्यासारख्या खेळाडूंनी विरोध केला आणि संघाने प्रस्ताव फेटाळला.

रक्कम मोठी होती, दौरा थकवणारा होता, माणसे तीच होती. आणि तरीही मोहाचा पराभव झाला. का? आम्हांला याचे कारण साधे वाटते. बोलणे सर्वांसमोर झाले. एकाने 'नाही' म्हणताच दुसऱ्याला 'नाही' म्हणण्याचे बळ आले. चार वर्षांनी नागपुरात मात्र बैठक झाली नाही. कर्णधार एकेकट्या खेळाडूकडे गेला. त्यापूर्वी बंगळूर येथील कसोटीच्या वेळी त्याने जॅक कॅलिस, लान्स क्लूसनर आणि मार्क बाउचर यांच्यापाशी अर्धवट थट्टेच्या सुरात विषय काढला होता. तिघांनी तो थट्टेवारी नेला. थट्टेतून चाचपणी करायची आणि मग एकट्या, दुबळ्या माणसाला गाठायचे, असा हा क्रम होता.

१९९६ च्या बैठकीतही एक उणीव राहून गेली. नकार दिला गेला, पण त्या प्रस्तावाची खोलवर चौकशी होण्यासाठी किंग आयोगाची वाट पाहावी लागली. घरात साप शिरला. सर्वांनी मिळून त्याला दाराबाहेर हाकलले, परंतु तो कोठून आला हे कोणी पाहिले नाही. तो पुन्हा आला.

जाळे कसे टाकले जाते?

सट्टेबाज पहिल्याच भेटीत सामना विकत मागत नाही. तो ओळख काढतो, कौतुक करतो, जेवण देतो, भेटवस्तू देतो. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पावसाने तीन दिवस वाया गेले होते. अखेरच्या दिवशी दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून सामना निकाली करावा, असा प्रस्ताव क्रोनिएने मांडला. खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून त्याची वाहवा झाली. नंतर उघड झाले की यामागे मार्लन ॲरनस्टॅम नावाचा सट्टेबाज होता आणि क्रोनिएला त्याबद्दल सुमारे ५० हजार रँड व चामड्याचे एक जाकीट मिळाले होते. जगज्जेत्या होऊ पाहणाऱ्या संघाचा कर्णधार एका जाकिटाच्या मिंधेपणात अडकतो, यावरून लहान भेटीचे सामर्थ्य ध्यानात यावे. जो थोडक्यात अविश्वासू तो पुष्कळातही अविश्वासू, या अर्थाची प्रभूची शिकवण येथे आठवते.

तरुण वय हे दुसरे दार. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नोबॉल टाकल्याचे एका इंग्रजी वृत्तपत्राने उघड केले. त्यांपैकी मोहम्मद आमिर हा केवळ १८ वर्षांचा होता. या कटात त्याचा कर्णधार सलमान बट्ट स्वतः सामील होता. नागपूरची पुनरावृत्तीच ही. २०११ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने बट्ट, मोहम्मद आसिफ आणि आमिर या तिघांनाही तुरुंगवासाची शिक्षा दिली. आमिरला सहा महिन्यांची शिक्षा आणि पाच वर्षांची बंदी भोगावी लागली.

आर्थिक ओढग्रस्ती हे तिसरे दार. झिम्बाब्वेचा माजी कर्णधार ब्रेंडन टेलर याने जानेवारी २०२२ मध्ये आपली हकिगत जाहीर केली. त्याच्या सांगण्यानुसार, ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाने त्याला पुरस्कर्ते मिळवून देण्याविषयी बोलण्यासाठी भारतात बोलावले आणि येण्याबद्दल १५ हजार डॉलर देऊ केले. त्या वेळी त्याच्या देशातील खेळाडूंना सहा महिने मानधन मिळालेले नव्हते. अखेरच्या रात्री मेजवानीत त्याच्यापुढे कोकेन ठेवण्यात आले आणि तो त्याला भुलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीत सहा जण शिरले. रात्रीचे चित्रीकरण त्यांच्याजवळ होते. सामने निश्चित केले नाहीत तर हे जगजाहीर करू, अशी धमकी मिळाली. घाबरलेल्या टेलरने पैसे घेतले आणि तो मायदेशी परतला. आपण एकही सामना विकला नाही असे तो म्हणतो. परंतु हा प्रकार कळविण्यास त्याने चार महिने लावले. त्याबद्दल त्याच्यावर साडेतीन वर्षांची बंदी आली.

जी गोष्ट क्रिकेटची, तीच टेनिसची. २०१८ साली स्वतंत्र समितीने व्यावसायिक टेनिसची पाहणी केली तेव्हा असे दिसून आले की रोगाचा जोर तळाच्या स्पर्धांत अधिक आहे. तेथील असंख्य खेळाडूंना स्पर्धेतील मिळकतीतून प्रवास आणि प्रशिक्षकाचा खर्चही भागविता येत नाही. नावारूपाला आलेल्यांवर कॅमेरे रोखलेले असतात. तळाच्या खेळाडूकडे कोणाचे लक्ष नसते. सट्टेबाजाचे मात्र असते.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. जाळ्याची पहिली गाठ पैशाची असली तरी शेवटची गाठ लाजेची असते. एकदा भेट स्वीकारली की खेळाडूला वाटते, आता कोणत्या तोंडाने सांगू? ही लाज त्याला सर्वांपासून तोडते आणि सट्टेबाजाच्या अधिक जवळ नेते.

कायद्याचे कुंपण

क्रोनिए प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००० साली भ्रष्टाचारविरोधी पथक स्थापन केले. लंडनचे माजी पोलीस आयुक्त पॉल कॉन्डन हे त्याचे पहिले प्रमुख होते. सामन्याच्या दिवशी खेळाडूंच्या कक्षात भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई झाली. परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम वेगळा आहे : भ्रष्टाचाराचा प्रस्ताव आल्यास तो विनाविलंब कळविणे खेळाडूवर बंधनकारक आहे. प्रस्ताव नाकारला तरी तो न कळविणे हा स्वतंत्र अपराध ठरतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशचा शाकिब अल हसन याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यांपैकी एक वर्ष स्थगित होते. त्याने सामना विकला असा आरोप नव्हता. त्याच्याकडे आलेले प्रस्ताव त्याने कळविले नव्हते. १९९६ च्या मुंबईतील बैठकीत जी उणीव राहिली होती, ती भरून काढणारा हा नियम आहे.

देशोदेशींच्या कायद्यांची स्थिती मात्र सारखी नाही. दक्षिण आफ्रिकेने २००४ च्या भ्रष्टाचारप्रतिबंधक कायद्यात क्रीडास्पर्धांसाठी स्वतंत्र कलम घातले. त्याखाली २०१९ मध्ये माजी खेळाडू गुलाम बोदी याला पाच वर्षांची कैद झाली. श्रीलंकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये असाच कायदा केला. युरोपीय परिषदेचा याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील माकोलिन येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आला.

भारतात तपासयंत्रणेची अडचण वारंवार दिसून आली आहे. मे २०१३ मध्ये आयपीएलच्या एका संघातील तीन खेळाडूंना दिल्ली पोलिसांनी मुंबईत अटक केली. सामनेनिश्चितीसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने त्यांच्यावर महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे 'मोक्का', लावण्यात आला. तो दिल्लीतही लागू आहे. जुलै २०१५ मध्ये दिल्लीतील न्यायालयाने सर्व आरोपींना आरोपमुक्त केले. २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात सामनेनिश्चितीला स्पष्टपणे फौजदारी गुन्हा ठरवावे, अशी शिफारस केली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निर्णय दिला की सामनेनिश्चितीत खेळाडूची अप्रामाणिकता दिसत असली आणि क्रिकेट मंडळ त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करू शकत असले, तरी भारतीय दंडसंहितेच्या फसवणुकीच्या कलमात ती बसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. क्रोनिए प्रकरणातील संजीव चावला याला ब्रिटनमधून भारतात आणण्यास तर फेब्रुवारी २०२० उजाडले. तोवर क्रोनिएला जाऊन १७ वर्षे उलटून गेली होती.

कायदा असावाच, त्याची मागणी आपण करीत राहावी. पण कायदा बहुधा अपराध घडून गेल्यावर येतो. त्याआधी खेळाडूजवळ कोण असते?

ख्रिस्तसभेचा विचार

ख्रिस्तसभेने खेळाकडे कधीही केवळ करमणूक म्हणून पाहिलेले नाही. २००० च्या महाज्युबिली वर्षात, २९ ऑक्टोबर रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या ऑलिंपिक मैदानावर क्रीडापटूंबरोबर ज्युबिली साजरी केली. क्रोनिएवर आजीवन बंदी येऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. २००४ मध्ये त्यांनी व्हॅटिकनमध्ये ख्रिस्तसभा आणि क्रीडा यांविषयीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. १ जून २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत क्रीडाविषयक एक विस्तृत दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यात शरीराची विटंबना, उत्तेजक द्रव्ये आणि प्रेक्षकांचे वर्तन यांच्या बरोबरीने भ्रष्टाचार हेही खेळापुढील मोठे आव्हान म्हणून नोंदविले आहे. जून २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी क्रीडाक्षेत्राच्या ज्युबिलीचा मिस्सा अर्पण केला. व्हॅटिकनचा स्वतःचा क्रिकेट संघही २०१३ पासून आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.

या शिकवणीला धरून दोन गोष्टी आम्ही धर्मगुरूंच्या व पालकांच्या विचारार्थ मांडू इच्छितो.

पहिली गोष्ट प्रायश्चित्त संस्काराविषयीची. या संस्काराची गुप्तता अभंग आहे. तेथे ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही कारणास्तव बाहेर सांगू शकत नाही आणि पोलिसांकडे जाण्याची अट घालून पापक्षमा अडवूनही ठेवू शकत नाही. परंतु अन्यायाने मिळविलेला पैसा परत करण्याचे, झालेली हानी भरून काढण्याचे कर्तव्य पश्चात्तापात अंतर्भूत आहे. जक्कयाने ते स्वतःहून पत्करले. म्हणून धर्मगुरूने अशा तरुणाला प्रेमाने सुचवावे की हीच गोष्ट तू संस्काराबाहेर, योग्य व्यक्तीला सांग. हवे तर मी तुझ्यासोबत येतो. पापक्षमा आत्म्याला मुक्त करते, आणि उघड बोलणे त्याला सट्टेबाजाच्या मुठीतून सोडविते. दोन्हींची आवश्यकता आहे.

दुसरी गोष्ट करुणेविषयीची. पडलेल्याला शिक्षा व्हावी; तो न्याय आहे. पण शिक्षा भोगून झाल्यावर त्याला परतण्याची वाट असावी. आमिर २०१६ च्या जानेवारीत पुन्हा आपल्या देशाकडून खेळला. बंदी संपल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये टेलर पुन्हा कसोटी सामन्यात उतरला. काहींना हे रुचले नाही. आम्हांला मात्र वाटते की परतीची वाट बंद आहे असे ज्याला वाटते तो कधीच तोंड उघडत नाही. आणि तो गप्प राहिला की त्याला जाळ्यात ओढणारा पुढचा बळी शोधायला मोकळा राहतो.

आपल्या धर्मग्रामांत

हे सारे आंतरराष्ट्रीय मैदानांवर घडते, आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. सुट्टीच्या दिवसांत आपल्या धर्मग्रामांच्या मैदानांवर क्रिकेटच्या व फुटबॉलच्या स्पर्धा रंगतात. खेळाडूची सवय तेथेच घडते. सामन्यावर शंभर-दोनशे रुपयांची पैज लावणारे काका-मामा तो तेथेच पाहतो. आणि ज्या भ्रमणध्वनीवर तो सामन्याचे धावफलक पाहतो, त्यावरच सट्ट्याचे आमिषही त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून काही सूचना नम्रपणे करावयाच्या आहेत.

स्पर्धा भरविणाऱ्या प्रत्येक मंडळाने एक अशी व्यक्ती नेमावी की जिच्याकडे कोणताही खेळाडू निःसंकोचपणे जाऊ शकेल. ती व्यक्ती संघाचा कर्णधार, प्रशिक्षक वा संघमालक असू नये. नागपूरचा धडा हाच आहे : ज्याच्या हाती खेळाडूचे स्थान आहे, त्याच्याविरुद्ध बोलण्यासाठी दुसरे दार हवे. तिचे नाव व दूरध्वनी क्रमांक स्पर्धेच्या पत्रकावर छापावा.

मैदानावर आणि मैदानाभोवती पैज लावण्यास मनाई असावी आणि ती मनाई मोठ्यांनी आधी पाळावी. सट्ट्याशी संबंधित कोणाचीही देणगी किंवा जाहिरात घेऊ नये, मग चषक थोडा लहान झाला तरी चालेल.

खेळाडूला बाहेरून मिळणारी प्रत्येक भेटवस्तू, बूट असोत की मोबाइल, पालकांना व मंडळाला कळावी असा संकेत रूढ करावा. उघड्यावर स्वीकारलेली भेट मिंधेपणा निर्माण करीत नाही. लपवून ठेवलेली करते.

जिल्हा वा राज्य पातळीवर पोहोचलेल्या गरजू खेळाडूंच्या प्रवासाचा, आहाराचा आणि साहित्याचा भार धर्मग्रामाने थोडाफार उचलावा. ज्याची गरज आपल्या माणसांनी भागविली, त्याला परक्याच्या पाकिटाची ओढ कमी वाटेल.

पालकांना आमची विनंती अशी की मुलगा वा मुलगी सामन्याहून परतल्यावर किती धावा केल्या, किती गोल झाले, एवढेच विचारू नका. कोण भेटले, काय बोलणे झाले, हेही सहज विचारा. आणि एखाद्या दिवशी मुलाने खाली मान घालून काही सांगायला सुरुवात केली, तर पहिला शब्द रागाचा येऊ देऊ नका. टेलरला चार महिने लागले. आपल्या मुलाला चार दिवसही लागू नयेत, अशी घराची रीत असावी.

जी मुले मान्यताप्राप्त संघटनांकडून खेळतात, त्यांना प्रस्ताव कळविण्याचा नियम आधीच समजावून द्यावा. मी नाही म्हटले, म्हणजे माझे काम संपले, असे त्यांना वाटता कामा नये. नकार द्यायचा, आणि त्याच दिवशी सांगायचे. या दोन्ही गोष्टी मिळून एक कर्तव्य पुरे होते.

ऑलिंपियाच्या वाटेवरील पुतळे खेळाडूला भीती घालण्यासाठी उभारलेले होते. भीतीचा उपयोग आहे, परंतु तेवढ्याने भागत नाही, हे पुढच्या चोवीस शतकांनी दाखवून दिले. मुंबईतील त्या बैठकीत संघाला वाचविले ते शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांच्या स्पष्ट शब्दांनी. आपल्या मुलांच्या शेजारी असे कोणीतरी बसलेले असावे, ही व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. येत्या स्पर्धेची पहिली सभा भरेल तेव्हा चषक, चेंडू आणि पंच यांच्या यादीत हा विषयही घ्यावा, अशी सर्व धर्मग्रामांच्या युवामंडळांना आम्ही विनंती करतो. प्रभू आपल्या खेळाडूंचे रक्षण करो, आणि त्या रक्षणात आपणा सर्वांना सहभागी करून घेवो.